एका पायाची मिनिटं

गजेंद्र भुयारला मोजायची आवड होती असं सांगितलं, की ऐकणाऱ्याला तो हिशेबी माणूस वाटतो. तसा तो नव्हता. दुकानात उरलेले पैसे परत घ्यायचे विसरून पुढं चालू लागणारा, आणि दुकानदारानं हाक मारली की ओशाळून हसणारा माणूस. त्याला नवल वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. एखादी वस्तू किती आहे, आणि ती तेवढी आहे हे माणसाला कळतं तरी कसं?

मोर्शीजवळच्या त्याच्या गावात हे कळण्यावरच त्याचं पोट चाललं होतं. संत्र्याचा बगीचा झाडावरच विकला जायचा, फळ तोडायच्या आधी. मग व्यापाऱ्याच्या वतीनं एक माणूस बगीच्यात फिरायचा आणि सांगायचा, एवढे हजार फळ निघेल. वीस वर्षं तो माणूस गजेंद्र होता. इतर लोक धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरूनच, नजर टाकत. हा प्रत्येक दहाव्या झाडाला चारी बाजूंनी फेरी मारायचा, आणि मग फांद्या बाजूला करून थेट बुंध्याशी जाऊन उभा राहायचा, मान वर करून. मालक गमतीनं म्हणायचे, "भुयार झाडाच्या पोटात शिरला, आता संध्याकाळ करतो." पण बाहेरच्या पानांआड किती फळ लपलं आहे ते आतूनच दिसतं. त्याचा अंदाज शेकड्यात दोन-तीनच्या वर कधी चुकला नाही.

पुढं त्या पट्ट्यात पाणी खोल गेलं, अर्धे बगीचे वाळले, आणि उरलेल्यांचा माल व्यापारी काट्यावर तोलून घेऊ लागले. काट्याला अंदाज लागत नाही. गजेंद्र मग सरकारी-निमसरकारी मोजण्यांवर जाऊ लागला. गुरांची मोजणी, विहिरींची मोजणी, कोणाच्या घरात संडास आहे त्याची मोजणी. घरी सीमा, त्याची बायको, चिडवायची, "सारं गाव मोजून झालं जी, आता घरात चमचे किती हायेत थे तरी सांगा." चमचे किती ते त्याला खरंच माहीत नसायचं. कोणी विचारल्याशिवाय तो मोजत नसे.

अशा माणसाला निधी पुराणिकनं वयाच्या बावन्नाव्या वर्षी एक स्टॉपवॉच दिलं.

निधी अकोल्याची. डॉक्टर होती, पण औषध देत नव्हती. दवाखान्यातल्या एकेका सेवेला नेमकं काय काय लागतं, हे ती शोधायची. किती माणसांची किती मिनिटं, किती कापूस, किती पाणी, किती जागा. आणि एवढं सगळं ओतून शेवटी हाती काय येतं. अमरावतीतल्या एका धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयानं तिला हे काम दिलं होतं. तिला तिथं रोज बसून वेळ टिपणारा माणूस हवा होता.

"मला शिकलेला माणूस नको, गजेंद्रभाऊ," तिनं पहिल्याच भेटीत सांगितलं. "शिकलेले काय व्हायला पाहिजे ते लिहितात. तुम्ही काय होतं ते लिहा."

गजेंद्रला ही बाई आवडली.

रुग्णालयाच्या एका टोकाला, व्हरांड्याच्या शेवटी, एक खोली होती. दारावर 'मधुमेही पाय तपासणी व ड्रेसिंग' अशी पाटी. मधुमेहात पायाची जाणीव जाते. खडा टोचला, चटका बसला, चप्पल घासली तरी माणसाला कळत नाही. कळतं तेव्हा जखम हाडापर्यंत गेलेली असते. अशा पायांची मलमपट्टी जमुना तायडे करायची. डॉक्टर दिवसातून एकदा चक्कर टाकायचे. बाकी खोली जमुनाची. पन्नाशी उलटलेली, उंच, आवाज मोठा, आणि हात असे की गाठ सोडताना बोटं दिसू नयेत. सकाळी आठ ते दुपारी चार ती आणि तिचे अठरा पेशंट. कधी सतरा, कधी एकोणीस.

ट्रस्टचे सचिव अद्वैत देवपुजारी वकील होते, आणि त्यांनी काहीही न लपवता सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "ज्या खोलीचं काम अर्ध्या दिवसात आटपतं, ती खोली आपण अर्धाच दिवस चालवू. दुपारी तिथं दुसरं काही सुरू करता येईल. ट्रस्टकडं पैशाचं झाड नाही."

ऐकायला वाजवी होतं. पण जमुनाच्या खोलीत अचलपूर, चिखलदरा, मोर्शीकडची माणसं यायची. अधू पायाचा माणूस पहिली एस.टी. पकडू शकत नाही. त्याला सोबत लागते, आणि सोबतीच्या माणसाला आधी घरचं आवरावं लागतं. ही मंडळी साडेअकरा-बाराच्या आत अमरावतीत पोचत नसत. खोली बाराला बंद झाली, तर त्यांचे पाय बंद दारापर्यंत येऊन परत जाणार होते.

म्हणजे मोजायचं होतं ते एवढंच, की एका पायाला किती मिनिटं लागतात.

सोमवारी गजेंद्र कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. पेशंट दारातून आत आला की बटण दाबायचं, बाहेर गेला की दाबायचं. मधल्या प्रत्येक कामाची वेगळी वेळ लिहायची.

पहिला पाय, नऊ मिनिटं. दुसरा, आठ मिनिटं चाळीस सेकंद. तिसरा, नऊ. जमुनाचे हात यंत्रासारखे चालले होते. ओली करायच्या आधीच जुनी पट्टी सुटत होती, घड्या घालून ठेवलेल्या गॉजचा ढीग उजव्या हाताशी, चिकटपट्टीचे तुकडे कापून टेबलाच्या कडेला रांगेनं लावलेले. ना शब्द, ना श्वास. "बसा. पाय वर. झालं. उठा." पेशंटही मुकाट. खोलीत फक्त कात्रीचा आवाज.

साडेदहापर्यंत नऊ जण झाले. गजेंद्र मनात म्हणाला, काय हात आहे बाईचा! त्यानं आकडे सुंदर अक्षरात लिहिले. मंगळवार तसाच गेला. अठरा गुणिले नऊ, एकशे बासष्ट. पावणेतीन तास. वकीलसाहेबांच्या अर्ध्या दिवसातही खोली मावत होती, वर चहाला वेळ उरत होता.

त्याला वाईट वाटलं. पण नऊ म्हणजे नऊ. आकडा वाढवून लिहिणं ही गोष्ट त्यानं व्यापाऱ्यासाठीही कधी केली नव्हती आणि मालकासाठीही नाही.

बुधवारी दुपारी एक वाजता त्यानं घड्याळ बंद केलं, डबा घेऊन व्हरांड्यात आला आणि बाकावर जागा शोधू लागला. जागाच नव्हती. बाकावर सात माणसं बसली होती. त्यातल्या पाचांना तो ओळखत होता. सकाळी त्यानंच त्यांच्या नावापुढं 'पूर्ण' असं लिहिलं होतं.

टोकाला रिद्धपूरकडचा एक म्हातारा होता, चंद्रभान ढोरे. डोक्याला मळकट रुमाल, डावा पाय नुकताच बांधलेला, पांढराशुभ्र.

"बुवा, तुमचं तं सकाळीच झालं ना?" गजेंद्रनं विचारलं.

"हो जी. पावनेबाराले."

"मंग घरी काहून नाई गेले?"

म्हाताऱ्यानं इकडंतिकडं पाहिलं. मग गुपित सांगावं तसा पुढं झुकला. "बाईनं सांगतलं हाय. सायबाचं घड्याळ बंद झालं का या, मंग खराखुरा पाय पाहातो."

"कोनत्या सायबाचं?"

"थो एक येऊन बसते ना जी, कोपऱ्यात..." म्हातारा बोलता बोलता थांबला आणि त्यानं गजेंद्रच्या गळ्यातल्या घड्याळाकडं पाहिलं. "अरे बाप्पा."

शेजारची बाई पदरात तोंड खुपसून हसली. गजेंद्रलाही हसू आलं. पण हसता हसता त्याच्या ध्यानात आलं. तीन दिवस तो धुऱ्यावर उभा राहून झाडं पाहत होता.

डबा तसाच हातात घेऊन तो खोलीच्या दाराशी आला. जमुना खाली बसली होती, जमिनीवर, पाटावर. समोर एक मध्यमवयीन बाई, तिचा पाय जमुनाच्या मांडीवर. सकाळचीच पट्टी पुन्हा सोडलेली. बाजूला तिच्या चपला उलट्या ठेवलेल्या, आणि जमुना एका तळव्यावरून अंगठा फिरवत होती. चपलेच्या, पायाच्या नव्हे.

"हे पाहा, कौशल्याबाई. खिळा. वर आला हाय थोडासा. तुमच्या बोटाखाली रोज टोचून राहिला."

"मले तं काईच लागत नाई, माय."

"लागत नाई म्हनूनच तं इथं बसल्या ना तुमी!"

मग तिनं वर पाहिलं. गजेंद्र दारात. तिचा हात थांबला.

"घड्याळ बंद हाय ना?" तिनं विचारलं.

"बंद हाय, ताई."

"मंग बाहेर जेवा ना जी. हे मोजायचं नाई."

"हेच मोजायचं हाय," गजेंद्र म्हणाला.

तिला ते पटवायला अर्धा तास लागला. जमुनाच्या नवऱ्यानं तरुणपणी सूतगिरणीत काम केलं होतं. तिथं एकदा असाच माणूस आला होता, गळ्यात घड्याळ घातलेला. आठ दिवस त्यानं एकेकाचे हात पाहिले. नवव्या दिवशी ज्यांचे हात सावकाश चालत होते त्यांची नावं फाटकावर लागली. गळ्यातल्या घड्याळाचा तिच्या लेखी एकच अर्थ होता.

"मले वाटलं, तुमी हाताची चाल पाहून राहिले. मनलं, दाखवून देतो! सकाळी साडेसहाले येऊन गॉजच्या घड्या घालून ठेवल्या, पट्ट्या कापून ठेवल्या. पेशंटले सांगून ठेवलं, तोंड उघडू नका, कन्हू नका. आता तुमी म्हनता, लय लवकर केलं?"

"लवकर केल्यानंच खोली जाते, ताई. नऊ मिनटात पाय झाला, तं खोली पावनेतीन तासाची झाली."

"अन् सावकाश केलं तं म्हनतीन कामचोर हाय!"

"कोन म्हनंल?"

"तुमीच ल्याहान ना!" तिनं त्याच्या हातातल्या कागदांकडं बोट दाखवलं. "तुमच्या कागदावर जागा कुटं हाय, का बाईनं चप्पल पालथी केली?"

गजेंद्रनं खरंच कागद पाहिला. पट्टी सोडणे, जखम धुणे, औषध लावणे, पट्टी बांधणे. चपलेला जागा नव्हती.

संध्याकाळी त्यानं एस.टी. स्टँडवरून निधीला फोन केला. त्याला वाटलं ती रागावेल. ती इतकी हसली, की फोनमधून खोकला ऐकू आला.

"तीन दिवसांचे कागद फेकून द्या," ती म्हणाली. "नको, फेकू नका. जपून ठेवा. घाबरलेली माणसं किती वेगानं काम करतात त्याचा तो पुरावा आहे. पण आता मला सांगा, खरं काम सुरू कुठं होतं?"

"थेच तं मले समजत नाई, मॅडम. पेशंट दारात आला का घड्याळ सुरू करायचं, असं तुमी सांगतलं. पन बाईचं काम दारात सुरू होत नाई असं वाटते."

"मग कुठं?"

"तिलेच इचारावं म्हनतो. घड्याळ तिच्याच हातात देतो. तिले वाटंल तवा दाबंल."

"हे पद्धतीत बसत नाही, गजेंद्रभाऊ. ज्याचं काम मोजायचं, त्याच्या हातात घड्याळ देत नाहीत." मग निधी म्हणाली, "दोन घड्याळं ठेवू. एक तुमचं, दारापासून दारापर्यंत. एक त्यांचं. दोन्हींत काय फरक पडतो तेच बघू."

गुरुवारी जमुनानं ते दुसरं घड्याळ हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि साडीच्या कंबरेला खोचलं. "नवऱ्यानं पायलं तं म्हनंल, बाई मुकादम झाली."

ती खिडकीशी उभी होती. फाटकाशी ऑटोतून एक पेशंट उतरत होता. आधी उजवा पाय खाली टेकला, मग डावा, पण डाव्याची टाच जमिनीला लागली नाही. जमुनानं कंबरेचं बटण दाबलं.

गजेंद्र चकित झाला. "आत्ताच?"

"मंग? थो कसा चालते हे आत आल्यावर कसं दिसंल? आत तं सारेच बसतात."

माणूस व्हरांडाभर चालत आला तोवर ती पाहत होती. तो दारात आला तेव्हा गजेंद्रनं आपलं घड्याळ सुरू केलं. पट्टीवर पाणी सोडून ती भिजत ठेवली, म्हणजे कातडी ओढली जात नाही. भिजेपर्यंत जमुना बोलत बसली. शेतात कोणत्या बाजूनं गेला, पाय कोणी शेकला का, रात्री पाय कुठं ठेवून झोपतो, सून औषध देते का नुसतीच सांगते. मधेच नाक जवळ नेऊन वास घेतला. जखम धुतली, बोटांमधल्या सांध्यांत पाहिलं, नायलॉनच्या दोऱ्यानं तळव्याला ठिकठिकाणी टोचून विचारलं, "लागलं?" माणूस दर वेळी "हो" म्हणत होता. तिनं दोरा न लावताच विचारलं, "लागलं?" तो म्हणाला, "हो."

"खोटं बोलून राहिला रे बह्याडा," जमुना म्हणाली, पण रागानं नाही. "इथं खोटं बोलून काय भेटते तुले?"

माणूस बाहेर गेला, गजेंद्रनं बटण दाबलं. जमुनाचं घड्याळ चालूच होतं. तो चप्पल घालेपर्यंत, सोबतच्या मुलीला तिनं पायात मोजे घालायचे बजावेपर्यंत, व्हरांड्याच्या टोकाला पोचेपर्यंत चालू राहिलं. मग तिनं कंबरेकडं न पाहता ते थांबवलं.

पाच दिवस असं चाललं. गजेंद्रच्या घड्याळात एका पायाला सरासरी चोवीस मिनिटं पडत होती. जमुनाच्या घड्याळात एकतीस. चार दाराच्या आधीची, तीन दारानंतरची. या सात मिनिटांकडं गजेंद्र एस.टी.त बसून परत परत बघायचा. दारात सुरू होणारं काम आणि खिडकीत सुरू होणारं काम. दोन्ही खरी, दोन्ही मोजलेली. मग पायाचं ड्रेसिंग म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत? सीमा शेजारी असती तर म्हणाली असती, डबा सांडून राहिला जी, मांडीवर.

निधीनं एकतीस धरायचं ठरवलं. "चालणं बघणं ही तपासणीच आहे," ती म्हणाली. "माझ्या फॉर्ममध्ये नव्हती, ही माझी चूक."

त्याबरोबर दुसरा पेच उभा राहिला. नऊ मिनिटांच्या हिशेबात एका पायाचा खर्च शंभराच्या आत येत होता. एकतिसात तो दीडशेच्या वर गेला. पेशंटकडून ट्रस्ट पन्नास घेत होता. आणि अठरा पाय गुणिले एकतीस म्हणजे नऊ तास अठरा मिनिटं. बाईची ड्युटी जेवण वजा जाता साडेसात तासांची; वरचा वेळ ती रोज चारनंतर थांबून काढत होती.

बैठकीला वकीलसाहेबांनी ते कागद दोनदा वाचले. निधी खास अकोल्याहून आली होती, आणि तिनं जुनं ऑपरेशन रजिस्टर काढून आणलं होतं. खोली सुरू व्हायच्या आधीच्या तीन वर्षांत या रुग्णालयात मधुमेहामुळं एकेचाळीस पाय कापले गेले होते. नंतरच्या तीन वर्षांत सतरा. "सगळं श्रेय खोलीचं आहे असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली, "या काळात औषधंही सुधारली. पण दीडशे रुपयांना काय मिळतं ते बघायचं तर या आकड्याजवळ थांबावं लागेल."

देवपुजारी वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "खोली पूर्ण दिवस राहील," ते म्हणाले. "मार्चपर्यंत तरी. पण मग तुमच्याच आकड्यानं चालू. एकतीस मिनिटांचा पाय, साडेसात तासांचा दिवस. म्हणजे दिवसाला चौदा. त्याच्या वर नको. घाईघाईत केलेलं काम मलाही नको."

सगळ्यांना पटलं. चहा आला. तेवढ्यात भिंतीशी उभी असलेली जमुना गजेंद्रकडं वळून म्हणाली, "मंग उरलेले चार कोनते, थे बी तुमीच सांगा भाऊ. तुमी मोजनारे. चंद्रभान बुवाले परत पाठवू का कौशल्याबाईले?"

गजेंद्रनं हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला. खरा आकडा काढला, आणि त्या खऱ्या आकड्यानं चार माणसं दाराबाहेर काढली. नऊ मिनिटं खोटी होती, पण त्या खोट्यात अठराही बसत होते. असं कसं होतं? तो रात्री घरी परतला तेव्हा सीमानं दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. त्यानं कागद जमिनीवर पसरले. नव्वद पाय. बेरजा त्यानं केल्या होत्या, सरासऱ्या काढल्या होत्या. पण एकेका पायाच्या आत तो शिरला नव्हता.

हात धुणे, पट्टी भिजणे, पट्टी सोडणे, जखम धुणे. तो एकेक ओळ वाचत गेला. पट्टी भिजणे, नऊ. पट्टी भिजणे, दहा. आठ. नऊ. प्रत्येक पायात हीच नऊ मिनिटं, आणि त्या नऊ मिनिटांत जमुनाचे हात रिकामे होते. पट्टीला पाणी लागत होतं, जमुना नाही.

"सीमा, पट्टी भिजवाले शिकावं लागते का?"

"पानी सोडाले कोन शिकते जी? साबुदाना भिजवावा तसं."

दुसऱ्या दिवशी त्यानं हे जमुनासमोर ठेवलं. सोबत आलेलं माणूस व्हरांड्यातच पट्टीवर सलाइन सोडत बसेल. बाटली आपण द्यायची, कसं सोडायचं ते तुम्ही एकदा दाखवायचं, उघडायचं मात्र कोणी नाही. आत येईपर्यंत पट्टी मऊ. एकतिसातले नऊ गेले, उरले बावीस. बावीस गुणिले अठरा, तीनशे शहाण्णव. साडेसात तासांत मावतात.

जमुनानं तो कागद हातात घेऊन वाचला. "बरोबर हाय," ती म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता, आणि तो का उतरला हे गजेंद्रला समजलं नाही. डॉक्टरांनी होकार दिला, वकीलसाहेबांनी दिला. सोमवारपासून बाकावर पाय वर करून माणसं बसू लागली, आणि सुना, लेकी, नवरे, भाऊ बाटलीतून थेंब थेंब पाणी सोडू लागले. अठराच्या अठरा पाय साडेतीनच्या आत आटपले. चौदाचा आकडा मागं पडला.

तिसऱ्या दिवशी जमुना बोलली. "भाऊ, थो परतवाड्याचा पेशंट आत्ता गेला ना, त्याले घरी नवे बूट आनले पोरानं. मले नाई सांगतलं त्यानं. बाकावर शेजारच्याले सांगून राहिला होता, मी दारातून ऐकलं. पट्टी भिजेपर्यंत मी काई करत नोहती, हे तुमचं बरोबर हाय. पन माझे कान करत होते."

नऊ मिनिटं रिकामी आहेत हे गजेंद्रनं हातांकडं बघून ठरवलं होतं.

"मंग आता? पुन्हा आत घेऊ भिजवाले?"

"नाई जी! मंग थे चार जन परत जातीन." तिनं हात झटकले. "थांबा, पाहातो."

तिनं काय पाहिलं ते गजेंद्रला दुपारी दिसलं. दोन पेशंटांच्या मध्ये ती बाहेर आली आणि बाकावर जाऊन बसली, माणसांच्या मधोमध, भिजत असलेल्या पायांच्या रांगेत. कोणाच्या चपला उचलून पालथ्या केल्या. चंद्रभान बुवांना म्हणाली, "काय बुवा, परवा जत्रेत अनवानी फिरले मनते?" बुवा म्हणाले, "कोन सांगते?" शेजारची सून म्हणाली, "मीच सांगतलं, मामंजी." बाक हसला. जमुना तीन मिनिटं बसली, उठली, आत गेली. पुढच्या पेशंटनंतर पुन्हा आली. असं दिवसभर. तिला बाकावर एकाच वेळी सहा पायांचं ऐकू येत होतं, आणि आता तर घरचेही बोलत होते.

चार वाजता गजेंद्रनं दिवसाची बेरीज केली. साडेसात तासांची चारशे पन्नास मिनिटं. पायांची तीनशे शहाण्णव. उरली चौपन्न. त्याच्या छापील कागदात उरलेल्या वेळेला एकच रकाना होता: 'रिकामा वेळ'. तिथं चौपन्न लिहिले, की वकीलसाहेबांना रोज जवळजवळ एक तास रिकामा दिसणार. मार्चनंतर त्या तासाचं काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको होता.

त्यानं शब्दावर रेघ मारली, वर लिहिलं 'बाकावर', आणि पुढं चौपन्न. मग कागदाचा फोटो काढून अकोल्याला पाठवला.

दहा मिनिटांत फोन आला. "गजेंद्रभाऊ, हे बाकावर काय आहे?"

त्यानं सगळं सांगितलं. बूट, कान, चंद्रभान बुवांची सून. निधी ऐकत होती. मधे एकदा पेनाचा आवाज आला.

"हे मी रकान्यात कसं बसवू?" ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "बाकावरून त्यांना काय कळलं, आणि ते कळल्यानं आत काय बदललं, हे दाखवता आलं तरच ही चौपन्न मिनिटं टिकतील. नाहीतर कोणीही ती खोडेल."

"मंग काय करू, मॅडम?"

"उद्या घड्याळ आत ठेवा. वही घेऊन बाकावर बसा. त्या काय विचारतात, लोक काय सांगतात, सगळं लिहा. शब्दन् शब्द."

"पन मले पाहून लोक गप्प झाले तं?"

"होतीलच," निधी म्हणाली. "आधी तुम्हीच तुमच्या पायाचं काहीतरी सांगा."

गजेंद्रनं फोन खिशात ठेवला. बाक रिकामा झाला होता, फरशीवर सलाइनचे ओले डाग वाळत होते. तो बसला, डाव्या पायातली चप्पल काढली आणि बऱ्याच वर्षांनी आपला तळवा उलटा करून नीट पाहू लागला.